न शिजणारी डाळ : पाण्यातील लवणे आणि अन्नाची घडण

स्मरणिकेत विज्ञान विभागाचा एक अभ्यासलेख असावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा आम्हा शिक्षकांपुढे अनेक विषय होते. परंतु आम्ही विषय निवडला तो आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहातला. येथे राहून गेलेल्या प्रत्येकाने तो ताटात पाहिलेला आहे. वाटीत वर पिवळे पाणी आणि तळाशी दातांखाली कचकच लागणारी डाळ, असे वरण माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात नक्कीच असेल. त्या वरणावर रचलेले विनोदही आमच्या कानांवर येत असत.

पूर्वी भोजनगृहाला लागणारे पाणी शेतापलीकडच्या एका जुन्या उघड्या विहिरीवरून आणले जाई. पुढे आवारात कूपनलिका झाली, पाणी दारात आले आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींची पायपीट वाचली. सर्वांनाच आनंद झाला. मात्र त्यानंतर डाळ शिजेनाशी झाली. डाळीचे पोते दोनदा बदलून आणले. दुकानदाराला बोल लावले गेले. मावशी जळणात काटकसर करतात, डाळ लवकर उतरवतात, असेही बोलले गेले. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. मावशी एवढेच म्हणत, "सर, या पाण्यात डाळ गळत नाही." आम्हाला ती सबब वाटली. वास्तविक त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि ते पडताळण्याची साधने आमच्याच प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होती. हे आज छापून कबूल करणे आम्हाला आवश्यक वाटते.

आता पाण्याकडे वळू. वाशिम जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातील खनिजांत कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम ही मूलद्रव्ये विपुल आहेत. पावसाचे पाणी मातीत मुरताना तेथील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपताना त्या खनिजांची हळूहळू झीज करते आणि कॅल्शिअम व मॅग्नेशिअमची बायकार्बोनेट लवणे बरोबर घेऊन पुढे जाते. शेतात नांगरताना काळ्या मातीतून चुनखडीचे जे पांढरे खडे वर येतात, तो याच कॅल्शिअमचा मागे राहिलेला साका होय. उथळ, उघड्या विहिरीत दर पावसाळ्यात नवे पाणी उतरते. खोल कूपनलिकेतील पाणी मात्र बहुधा दीर्घकाळ खडकाच्या सहवासात राहिलेले असते, म्हणून त्यात लवणे अधिक असण्याचा संभव असतो. प्रत्येक कूपनलिका अशीच असते असे नव्हे. शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांच्या पाण्यातही मोठा फरक आढळतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता, कॅल्शिअम कार्बोनेटच्या रूपात मोजल्यास, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. असे पाणी पिण्यास अपायकारक नसते. ते अडते ते मोरीत आणि चुलीवर.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी या पाण्याला फार नेमके नाव दिले आहे : दुष्फेन. ज्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन आणि ज्यात सहज होतो ते सुफेन. साबणाचा रेणू कॅल्शिअमशी संयोग पावून न विरघळणारी मळी तयार करतो. बादलीच्या कडेला बसणारा चिकट पांढरट थर तो हाच. वसतिगृहातील मुलांना साबणाची वडी इतक्या लवकर का संपते, याचे उत्तर येथे मिळते. डाळीची गोष्ट मात्र अधिक खोल आहे, कारण तेथे कॅल्शिअमची गाठ पडते ती एका लांबलचक साखळीशी.

तुरीच्या डाळीचा दाणा असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीत पिष्ट आणि प्रथिने भरलेली असतात आणि या पेशी एकमेकींना एका पातळ थराने चिकटलेल्या असतात. भिंतीत विटांच्या मध्ये जसा दर्जा भरलेला असतो, तसा हा थर. त्यातील मुख्य द्रव्य म्हणजे पेक्टिन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ साली त्याचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. गोठणे, घट्ट होणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. पेरूची जेली ज्याच्यामुळे थिजते तेच हे द्रव्य. पेक्टिन हे जैव बहुवारिक आहे; म्हणजे सजीवांनी घडवलेली, एकाच प्रकारच्या लहान घटकांची दीर्घ साखळी. तिचे घटक साखरेपासून बनलेले आम्ल असून त्यांतील अनेकांवर पाण्यात ऋणप्रभार असतो. दोन साखळ्या जवळ आल्या, तर समान प्रभारामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात.

येथे धातूचे आयन मध्ये येतात. सोडिअमच्या आयनावर एकच धनप्रभार असतो. त्याला एकच हात आहे असे समजा. तो एका साखळीला धरील, दुसरीला धरू शकणार नाही. कॅल्शिअमला दोन हात आहेत. तो एका हाताने एक साखळी आणि दुसऱ्या हाताने दुसरी धरून दोघींना जखडतो. १९७३ साली इंग्रज शास्त्रज्ञांच्या एका गटाने या जखडण्याचे जे चित्र मांडले, ते मुलांना चटकन समजते. अंडी ठेवण्याचा पुठ्ठ्याचा खळग्याखळग्यांचा ट्रे डोळ्यांसमोर आणा. त्यात अंडी ठेवून वरून तसाच दुसरा ट्रे पालथा घातला, की दोन्ही ट्रे अंड्यांभोवती बसतात आणि सरकत नाहीत. पेक्टिनच्या साखळ्या म्हणजे ते ट्रे आणि कॅल्शिअमचे आयन म्हणजे अंडी. एकच अंडे असेल तर ट्रे सुटेल. रांगेने अंडी बसली की सुटणे कठीण. मॅग्नेशिअमलाही दोन हात आहेत, पण तो त्या खळग्यांत कॅल्शिअमइतका चपखल बसत नाही. म्हणून पेक्टिनवर त्याची पकड सैल राहते.

आपण डाळ शिजली म्हणतो तेव्हा तिच्या पेशी फुटलेल्या असतात, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक पेशी एकमेकींपासून फक्त सुट्या झालेल्या असतात. उकळत्या पाण्यात पेक्टिनच्या साखळ्या तुटतात, विरघळतात, जोडणारा थर ढिला पडतो आणि रवीने घोटताच डाळ एकजीव होते. सुफेन पाण्यात हे सुरळीत घडते. दुष्फेन पाण्यात मात्र एकीकडे उष्णता साखळ्या सोडवीत असते आणि दुसरीकडे पाण्यातील कॅल्शिअम आत शिरून त्यांना पुन्हा बांधीत असतो. अशा वेळी जळण वाढवूनही फारसा उपयोग होत नाही. पेशीतील पिष्ट शिजते, पण दाणा आकार सोडत नाही. मावशींचा 'गळत नाही' हा शब्द म्हणूनच आम्हाला 'शिजत नाही' यापेक्षा अधिक शास्त्रीय वाटतो.

इयत्ता नववीच्या मुलांसह आम्ही हे करून पाहिले. एकाच पोत्यातील डाळ सारख्या मापाने तीन भांड्यांत घेतली. पहिल्यात कूपनलिकेचे पाणी, दुसऱ्यात पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी आणि तिसऱ्यात पावसाच्याच पाण्यात प्रयोगशाळेतील थोडे कॅल्शिअम क्लोराइड. तिन्ही भांडी सारख्या आचेवर ठेवली. दर पाच मिनिटांनी प्रत्येकातील काही दाणे चमच्याने काढून बोटांच्या चिमटीत दाबायचे आणि वहीत नोंद करायची, एवढीच परीक्षा. पावसाच्या पाण्यातील दाणे सर्वांत आधी चिमटीत पसरले. कूपनलिकेच्या पाण्यातले बराच वेळ मागे राहिले. तिसऱ्या भांड्यातील दाणे तर अखेरपर्यंत कणखर राहिले, आणि मुलांच्या दृष्टीने तोच निर्णायक पुरावा ठरला. कारण पाणी तेच होते, डाळ तीच होती, वाढवले होते ते फक्त कॅल्शिअम. प्रयोगशाळेतील रसायन घातलेली ती डाळ कोणीही चाखली नाही आणि नंतर टाकून दिली, हेही येथे नमूद करतो. पालकांनी घरी प्रयोग करायचा झाल्यास पहिली दोन भांडी पुरेशी आहेत.

प्रत्येक वेळी दोष पाण्याचाच असतो, असेही समजू नये. कडधान्याच्या दाण्यात फायटिक आम्ल नावाचे द्रव्य असते आणि ते दाण्यातीलच कॅल्शिअम व मॅग्नेशिअम धरून ठेवते. दाणे उष्ण, दमट जागी दीर्घकाळ साठवले, तर हे द्रव्य हळूहळू विघटित होते, धरलेली धातुद्रव्ये मोकळी होतात आणि पेक्टिनला जाऊन मिळतात, असे मानले जाते. जुना हरभरा, जुनी चवळी वा मटकी चांगल्या पाण्यातही निबर राहते, त्याचे हे एक कारण. तेव्हा दोष पाण्याचा की धान्याचा हे ठरवण्यासाठी शंकास्पद धान्य आधी पावसाच्या पाण्यात शिजवून पाहावे. आम्ही पोते बदलण्यापूर्वी एवढे केले असते, तर बरेच बोलणे वाचले असते.

यावर घरोघरी चालत आलेला उपाय म्हणजे चिमूटभर खाण्याचा सोडा किंवा पापडखार. तो लागू पडतो यात शंका नाही. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते, अशा पाण्यात पेक्टिनच्या साखळ्या झपाट्याने तुटतात; शिवाय कॅल्शिअमचा काही भाग कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. रिसोडच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे याच रसायनाचे विराट रूप आहे. खडक तोच, बेसाल्ट; परंतु त्या बंदिस्त खोलगटात पाणी शतकानुशतके आटत गेले, कॅल्शिअम साक्याच्या रूपाने बाहेर पडला आणि सोडिअमची लवणे उरली. तेथील खार काढण्याचा उद्योग जुना असून काच आणि साबण यांसाठी लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, असा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आहे. एकाच खडकाने एका ठिकाणी साबणाचा फेस मारणारे पाणी द्यावे आणि जवळच साबण बनवण्याचा खार द्यावा, ही गोष्ट आम्हाला फार गमतीची वाटते.

मात्र सोड्याला एक किंमत मोजावी लागते. अल्कधर्मी पाण्यात उकळल्यास थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोठ्या प्रमाणात नष्ट होते. वाढत्या वयाच्या मुलांना रोज सोडा घातलेले वरण देणे म्हणूनच आम्हाला मान्य नाही. अख्खी कडधान्ये भिजवताना पाण्यात लिटरला चमचाभर साधे मीठ घातले, तर सोडिअम सालीत शिरून काही कॅल्शिअमची जागा घेतो आणि धान्य मऊ शिजते. भिजवलेले पाणी फेकून द्यावे. पाणी आधी दहा मिनिटे उकळून निवत ठेवले आणि वरचे निवळ पाणी तेवढे घेतले, तरी बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता बरीच उतरते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालण्याची आपल्या घरांतील रीतही निराधार नाही. आम्लामुळे पेक्टिन विरघळण्याचा वेग मंदावतो. चिंच आधी पडली की डाळ दाठरते.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. खेड्यापाड्यांत विहिरीची पारख दोन गोष्टींवरून होत असे : पाणी गोड लागते का, आणि त्यात डाळ शिजते का. त्या चांगल्या पाण्याच्या विहिरीवर आपल्या आजी-पणजीच्या पिढीला पाय ठेवता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते माणूस म्हणून पाणी घेण्याच्या अधिकारासाठी घडले. तो अधिकार वाटीतल्या वरणापर्यंत कसा पोहोचतो, हे आम्हाला या अभ्यासात प्रथमच उमगले. नाल्याकाठचा झिरा किंवा मचूळ पाण्याची आडबाजूची विहीर वाट्याला आलेल्या घरात त्याच डाळीला अधिक सरपण लागणार, आणि ते वेचून आणण्याचे कष्ट पुन्हा त्याच घरातील बाईचे.

कॅल्शिअमला केवळ दोषी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. कोहळ्याचा पेठा करताना फोडी आधी चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवतात. तेथे कॅल्शिअमने पेक्टिन बांधावे, पाकात उकळूनही फोड विरघळू नये, हीच अपेक्षा असते. दंतवैद्य जबड्याचे माप घेण्यासाठी जी मऊ लगदी तोंडात दाबतात, तिच्यात समुद्री शेवाळापासून काढलेले अल्जिनेट आणि कॅल्शिअम सल्फेट असते. पाणी मिसळताच कॅल्शिअम सुटू लागतो, अंड्यांच्या ट्रेची तीच रचना उभी राहते आणि काही मिनिटांत लगदी रबरासारखी घट्ट होते. सर्वच जेल अशी धातूवर अवलंबून नसतात. चायना ग्रासला थिजण्यासाठी कोणत्याही लवणाची गरज नसते, निवणे पुरते.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे उदाहरण सोयाबीनचे आहे. पावसाळ्यात वाशिमपासून कारंज्यापर्यंत आणि मंगरुळपीरपासून मानोऱ्यापर्यंत शिवारे सोयाबीनने हिरवी असतात. तो बहुतेक सारा माल तेलासाठी बाहेर जातो आणि ज्याने तो पिकवला त्याच्या ताटात क्वचितच येतो. वास्तविक सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. रात्रभर भिजवून, वाटून, पाण्यात कालवून, चांगले उकळून आणि फडक्याने गाळून घेतले की सोयादूध मिळते. उकळण्यात मुळीच हयगय करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेनेच निकामी होतात. उष्णतेने प्रथिनांच्या घड्याही उलगडतात. तरीही प्रत्येक रेणू ऋणप्रभार बाळगून असल्याने ते एकमेकांपासून दूर राहतात आणि दूध पातळच असते. त्यात कॅल्शिअम सल्फेट, म्हणजे खाद्य दर्जाचे जिप्सम, पाण्यात कालवून घातले की हे दुरावणे संपते. प्रथिने एकमेकांना बिलगून जाळे विणतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. तेच दाबून सोया पनीर होते. एक किलो सोयाबीनला साधारण २० ते ३० ग्रॅम जिप्सम पुरते.

लवण कोणते, याइतकाच ते किती वेगाने विरघळते हाही प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. जपानमध्ये मीठ काढल्यावर उरणारे कडवट पाणी यासाठी वापरण्याची परंपरा आहे आणि त्यात मुख्यतः मॅग्नेशिअम क्लोराइड असते. ते पाण्यात तत्काळ पसरते, प्रथिने घाईने गोळा होतात आणि हात कसलेला नसेल तर पनीर रवाळ, खडबडीत होते. जिप्सम पाण्यात जेमतेम विरघळते. कॅल्शिअम सावकाश सुटत राहतो, जाळे सावकाश विणले जाते आणि वडी मऊ, एकसारखी बनते. आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी दूध उकळते असतानाच जिप्सम ओतले आणि हाती आला तो चोथ्यासारखा गोळा. दुसऱ्या दिवशी दूध ७५ ते ८० अंशांपर्यंत निवू दिले, एकदाच ढवळून भांडे स्थिर ठेवले, तेव्हा सुरीने कापता येईल अशी वडी मिळाली.

फेसाचा विषय थोडक्यात सांगतो. डाळ उकळताना वर येणारा फेस प्रथिने आणि सॅपोनिन यांचा असतो. हवेच्या बुडबुड्याभोवती त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. अशा पापुद्र्यावरही धातूचा परिणाम होऊ शकतो. युरोपातील आचारी अंड्याचा पांढरा भाग तांब्याच्या भांड्यात फेटतात, कारण तो फेस अधिक काळ टिकतो. हॅरॉल्ड मॅगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली 'नेचर' या नियतकालिकात याची मीमांसा केली. अंड्यातील एक प्रथिन भांड्याचे सूक्ष्म तांबे धरून ठेवते आणि त्यामुळे स्थिर बनते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे मात्र तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई हवीच. आंबट पदार्थात तांबे उतरणे आरोग्यास घातक आहे, तेव्हा कोणी हा प्रयोग चिंचेच्या वरणावर करू नये.

आता आपल्या भोजनगृहाचा हिशेब. २०० मुलांसाठी दिवसाला १० किलो डाळ धरली, तर ती शिजवण्यास सुमारे ४० लिटर पाणी लागते. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला ८,८०० लिटर. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ८०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे डाळीपुरते पाणी हवे असेल तर त्याचा जेमतेम नववा हिस्सा साठवला तरी पुरे. स्नानाला, धुण्याला, इतर स्वयंपाकाला कूपनलिका आहेच. या हिशेबावरून गेल्या पावसाळ्यात भोजनगृहाच्या छपराला पन्हळ लावून ५,००० लिटरची झाकणबंद टाकी बसवली. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छप्पर धुऊन जाण्यासाठी सोडून द्यावे लागते, तोटीला जाळी लागते आणि टाकीवर ऊन पडू देता येत नाही; त्याची जबाबदारी आता दहावीच्या मुलांकडे आहे. टाकीची चावी मावशींकडे असते. पावसाळ्यात ती पुन्हापुन्हा भरते, त्यानंतर मात्र चार-पाच महिनेच पुरते. मार्चपासून डाळीपुरत्या दोन घागरी पुन्हा त्या शेतापलीकडच्या जुन्या विहिरीवरून येतात. त्या आणण्याची पाळी आता शिक्षकांनी वाटून घेतली आहे.